वळणाचा टॉवर

ऑफिसात तिला सगळे रेघबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. नाव काही खोटं नव्हतं. वीज कंपनीला एका सबस्टेशनपासून दुसऱ्या सबस्टेशनपर्यंत मोठ्या दाबाची नवी लाइन न्यायची झाली, की ती कुठून जाणार याची पहिली रेघ तीच ओढायची. डोंगर, नदी, शाळा, दवाखाना, कुणाचं घर, कुणाची विहीर, सगळं चुकवत चुकवत ती रेघ एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची. डबा खातानासुद्धा नकाशा पुढ्यात असायचा. भाजीचा एखादा थेंब पडला तर ती पटकन पदराने पुसायची आणि नेमक्या कुठल्या तलावात पडला ते बघायची.

रेघ जितकी सरळ तितकी बरी, हे तिच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. लाइन सरळ चालली असेल तर टॉवर सडपातळ चालतो, कुणाच्या बांधावर अंग चोरून उभा राहतो. पण जिथे लाइन वळते तिथे सगळ्या तारांची ओढ एकाच बाजूला पडते. तिथला टॉवर रुंद बुडाचा, जाडजूड पायांचा लागतो. तो उभा राहत नाही, पाय पसरून बसतो. अशी वळणं टाळण्यात रेघबाईचा हातखंडा होता. साहेब नव्या लोकांना तिचे जुने नकाशे दाखवून म्हणायचे, "बघा, जिथे तुम्ही चार वळणं घ्याल तिथे बाई एकात भागवतात."

घरी मात्र ती धाकटी होती. घरी म्हणजे ताईकडे. ती स्वतः बस थांब्याजवळ दोन खोल्यांत एकटी राहायची, पण त्या खोल्यांना ती कधी घर म्हणाली नाही. आई गेली तेव्हा ती शाळेत होती आणि ताईचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. ताई तिचं बोट धरून तिला आपल्या घरी घेऊन आली. भाऊजी दारात हातोडी घेऊन काहीतरी ठोकत बसले होते. त्यांनी तोंडातले खिळे काढले आणि म्हणाले, "बरं झालं. तुझी ताई भांडायला लागली की मला माझ्या बाजूचं कुणीतरी हवंच होतं." एवढ्यावर तो विषय संपला. पुढे तिचं शिक्षण, नोकरी, सगळं त्या घरातून झालं. उपकार हा शब्द कुणी उच्चारला नाही, त्यामुळे तो तिच्या मनातून कधी गेलाही नाही.

भाऊजी छपरं बसवायचे. कौलाची, पत्र्याची, लाकडी, कुठलीही. माकडाने हेवा करावा असे चढायचे. गावातली निम्मी छपरं त्यांच्या हाताखालून गेलेली. आणि असा हा माणूस एके दिवशी जेवता जेवता खुर्चीतून खाली घसरला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "जन्मभर आभाळात हिंडले, आणि पडले ते माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या हातच्या जेवणाला बट्टा लावला." लोक हसायचे. ताईला तेच हवं असायचं. कुणी हळहळायला लागलं की ती भांडी घासायला उठून जायची.

भाऊजींचा पलंग मागच्या खोलीत होता. ती खोली त्यांनी स्वतः बांधलेली, आणि तिला खिडकी ठेवलेली भिंतभर. खिडकीबाहेर परसू, त्यात अंजिराची झाडं, आणि परसाच्या कडेने जाणारी पायवाट. वाट कागदोपत्री त्यांच्याच जागेतली, पण सगळी आळी तिच्यावरून जायची. शाळेची पोरं, पिठाच्या गिरणीला जाणाऱ्या बायका, सायकल हातात धरून चालणारा पोस्टमन. येणारा-जाणारा खिडकीशी थांबायचा. "काय, आज दाढी झाली वाटतं!" असं काहीतरी बोलायचा. भाऊजी डावा हात वर करायचे आणि घशातून एक आवाज काढायचे. त्या आवाजाचे अर्थ ताईला पाठ होते. आलेल्याला ती आतून ओरडून सांगायची, "बस म्हणतायत!" किंवा "तुझ्या बैलासारख्या चालीला हसतायत!" भाऊजींचं जगणं म्हणजे ती खिडकी, असं म्हटलं तर अतिशयोक्ती झाली नसती.

नव्या लाइनचं काम आलं तेव्हा धाकटीने ती डोंगरापलीकडून नेली होती. ताईच्या घरापासून लांब. पण ते काही ठरवून नव्हे. तिकडे वस्ती नव्हती आणि रेघ सरळ जात होती, इतकंच. नकाशा मंजूर झाला, खुंट्या ठोकायची वेळ आली, आणि मातीचा अहवाल आला. डोंगराची ती बाजू आतून भुसभुशीत निघाली. जोराचा पाऊस झाला तर उतार टॉवरसकट खाली येईल, असं तपासणाऱ्यांचं म्हणणं. साहेबांनी नकाशा तिच्यापुढे सरकवला.

"बाई, डोंगर गेला. दुसरी वाट बघा."

दुसऱ्या अंगाला पिण्याच्या पाण्याचा तलाव होता. तलाव आणि डोंगर यांच्या मध्ये एक चिंचोळी खोलगट पट्टी, आणि त्या पट्टीत घरांची एक आळी. लाइनला तिथे उतरायचं तर वळण घ्यावंच लागत होतं. धाकटीने स्क्रीनवर हात चालवला, रेघ खाली आणली, आणि ती जिथे वाकली तिथे एक करडा चौकोन होता. वरून घर तेवढंच दिसतं. त्या चौकोनाच्या मागच्या बाजूला हिरवे ठिपके होते. तिने ते ठिपके ओळखले. अंजिरं होती ती.

तिने रेघ डावीकडे ओढून पाहिली, ती शाळेच्या मैदानावरून गेली. उजवीकडे ओढली, तलावात गेली. संध्याकाळपर्यंत ती ओढत राहिली. शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, आज रेघ रुसली वाटतं?" तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "साहेब, त्या आळीत माझ्या सख्ख्या बहिणीचं घर आहे. वळणाचा टॉवर तिथेच येतोय."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "सांगितलंत ते फार चांगलं केलंत. नाहीतर उद्या कुणीतरी बोट दाखवलं असतं. आता त्या टप्प्याला तुम्ही हात लावू नका. तो लंबूकडे देतो. बाकीची लाइन तुमचीच."

"पण साहेब, तिथली जागा मला जितकी माहीत आहे..."

"म्हणूनच," साहेब म्हणाले.

खोलीतून बाहेर पडताना तिला हलकं वाटत होतं. खरं बोलल्यावर वाटतं तसं. आपण आपल्याच हाताने दार ओढून घेतलं आणि कडी बाहेरून लागली, हे तिच्या ध्यानात यायला आठवडा जावा लागला.

लंबू हा तिचा सहकारी. इतका उंच, की ऑफिसच्या प्रत्येक दारातून नमस्कार केल्यासारखा वाकून जायचा. पोरगेलेसा दिसला तरी कामात चोख. त्याने टप्पा नीट मोजला, आळीत जाऊन आला, ताईकडे पाणीही पिऊन आला. ताईला तो आवडला. "तुमच्या ऑफिसातला तो शिडीसारखा माणूस येऊन गेला," तिने धाकटीला सांगितलं. "ह्यांच्याशी बोलला बराच वेळ. काय गं, आपल्या इथून तार जाणार म्हणे?"

"बघतायत अजून," धाकटी म्हणाली.

"बघू देत. तू आहेस ना तिथे."

धाकटीने तेव्हाच सांगायला हवं होतं, की मी तिथे आहे पण नाही. तिने तोंड उघडलंही. पण भाऊजींनी खिडकीतून कुणाला तरी हात केला, ताई तिकडे ओरडायला गेली, आणि ते राहून गेलं.

लंबूने टॉवरसाठी पहिली जागा धरली ती नेमकी खिडकीसमोर, पायवाटेवर. त्याच्या टेबलावरून जाताना तिला नकाशा दिसला. तिची नजरच तशी होती. उलट्या बाजूनेही नकाशा वाचता यायचा. टॉवरभोवती कुंपण येणार, वाट बंद होणार, आळीची वाट पलीकडच्या रस्त्याला वळवणार. अंजिरं तोडावी लागणार, कारण तारेखाली उंच झाड चालत नाही. आणि तिला हेही दिसलं, की टॉवर थोडा अलीकडे, परसातल्या जुन्या लाकडाच्या शेडमागे घेतला तर वळण तेवढंच राहतं, तारेचा झोळही मापात बसतो, वाट वाचते. झाडं गेली असती. पण खिडकी मोकळी राहिली असती.

ती थांबली. खुर्ची ओढून बसली आणि नकाशावर बोट ठेवायला गेली. लंबूने झटकन आपला पंजा नकाशावर पालथा घातला.

"बाई, नका."

"अरे, मी फक्त..."

"मला कळलंय तुम्ही काय दाखवताय ते. नका दाखवू." त्याचा आवाज खाली आला. "मी अजून दोन-तीन जागा बघणार होतो. पण तुम्ही बोट ठेवलंत ना, तर ती एक जागा मला कधीच घेता येणार नाही. कुणी विचारलं, ही कशी सुचली, तर मी काय सांगू?"

तिने बोट मागे घेतलं. मग तिला आठवलं की आपल्याला कुठेतरी जायचं होतं, आणि ती उठली. कुठे ते मात्र आठवेना.

लंबूने खरंच आणखी जागा पाहिल्या असतील. पण शेडमागची त्याला सुचली नाही, किंवा सुचली आणि तिच्या बोटाच्या भीतीने त्याने सोडली. ते तिला कधीच कळलं नाही. विचारणार तरी कसं? नकाशा जसाच्या तसा पुढे गेला आणि आळीतल्या घरोघरी नोटिसा आल्या. हरकत असेल त्याने सुनावणीत येऊन सांगावी.

त्या रविवारी ताईने नोटीस तिच्यापुढे ठेवली. "तार जाणार तिकडच्या कारखान्यांना, आणि खांब आमच्या उशाशी. नळ त्यांच्या घरी आणि गळती आमच्या डोक्यावर! हे काय गं?"

तेव्हा धाकटीने सगळं सांगितलं. साहेबांना काय बोलली, काम कसं काढून घेतलं, सगळं. ताई ऐकत होती. तिच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या.

"म्हणजे तू स्वतःहून सांगितलंस, की ही माझी बहीण आहे म्हणून?"

"सांगावंच लागतं, ताई."

"कुणी विचारलं होतं?"

"नाही."

ताईने पलंगाकडे पाहिलं. भाऊजींना झोप लागली होती. "बरं," ती म्हणाली. "मग आता मी काय करू ते सांग. तुला बोलता येत नाही, मला येतं."

आणि ते खरंच होतं. धाकटीने कागद घेतला, परसू काढलं, शेड काढली, टॉवर कुठे हवा ते काढून दाखवलं. "हे तू मागायचं. तुझ्या मनाने मागतेयस असं. झाडं जाऊ देत म्हणावं, पण टॉवर शेडमागे घ्या. वाट ठेवा. आजारी माणूस आहे, त्याला ही खिडकी एवढीच आहे, हे सांग. बाकी काही बोलू नकोस. कारखाने नको, नळ नको."

"नळ नको?" ताईला वाईट वाटलं. "नळाचं मी पाठ केलं होतं."

दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. जाताना धाकटी दारातून परत वळून म्हणाली, "आणि माझं नाव काढू नकोस हं."

"वेडी आहेस का?" ताई म्हणाली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. लोखंडी घडीच्या खुर्च्या, माइक मधूनच शिट्टी मारणारा, आणि पुढच्या टेबलामागे अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी साहेब आणि वाकून बसलेला लंबू. धाकटीला तिथे बसायची मनाई नव्हती, पुढे बसायची होती. ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. कुणाची विहीर, कुणाचा गोठा, एकेकजण येऊन सांगून गेला. मग ताईचा नंबर आला. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती.

ताई छान बोलली. माइक तिच्यापुढे शिट्टी मारायचाही थांबला. छपरं बांधणारा माणूस, भिंतभर खिडकी, वाटेवरून जाणारे लोक, सगळं तिने असं सांगितलं की अध्यक्षबाई लिहायच्या थांबल्या. "झाडं घ्या," ती म्हणाली. "माझ्या हातची आहेत, पण घ्या. फक्त टॉवर शेडमागे न्या. वाट ठेवा." सभागृहात कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

अध्यक्षबाईंनी लंबूला विचारलं, "तिथे बसेल?"

लंबू उठला, कागद चाळले. "तपासावं लागेल, मॅडम. वळणाचा टॉवर आहे. शेडमागे बुडाला पुरेशी जागा आहे की नाही, हे असं तोंडी सांगता यायचं नाही."

त्याने शहाणपणाने दार किलकिलं ठेवलं होतं. धाकटीच्या ते लक्षात आलं. पण ताईला ते तसं ऐकू आलं नाही. तिला वाटलं, हा नाही म्हणतोय. आपल्याला अडाणी समजतोय. तिची मान ताठ झाली.

"बसतं," ती माइकमध्ये म्हणाली. "माझी बहीण तुमच्याच ऑफिसात आहे. सगळ्यात जुनी. तिने मला कागदावर काढून दिलंय. ती म्हणते बसतं, म्हणजे बसतं."

आणि तिने अभिमानाने मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

सभागृहातली प्रत्येक मान त्या दिशेला वळली. साहेबांनी चष्मा काढला. लंबूने डोळे मिटले. धाकटीला वाटलं, भिंतीत जावं. तिच्या पाठीला भिंत होतीच, पण ती काही जागा देईना.

बाहेर आल्यावर ताईने तिचा दंड धरला. हात गरम होता, चेहरा लाल झाला होता. "नीट बोलले ना गं मी?"

"नीट बोललीस," धाकटी म्हणाली.

"शेवटी जरा चिडले. पण तुझं नाव सांगितल्यावर कसे गप्प झाले बघितलंस?"

"हो."

"आता करतील ना?"

धाकटीने तिच्या साडीच्या खांद्यावरची घडी सारखी केली. "बघू," ती म्हणाली.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे बोलत होते. "बाई, जागा चांगली होती हो. लंबूने रात्री बसून हिशेब केला. बसतं तिथे. पण आता ती घेतली तर उद्या आळीतला प्रत्येक जण विचारेल, ऑफिसात बहीण असली की टॉवर हलतो का? बाहेरून पुन्हा तपासणी करून घ्यायची म्हटलं तर तेवढी सवड नाही. नोटिशीत आहे तेच राहील." मग त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, की तिला काही दिवस खालच्या मजल्यावर, नव्या जोडण्यांच्या विभागात बसावं लागेल. शिक्षा नव्हे. नुसती बदली.

ताईकडे निकालाचं पत्र गेलं. धाकटी तिथे पोचली तेव्हा ते टेबलावर पडलेलं होतं.

"कारणच दिलेलं नाही," ताई म्हणाली. "विचार करता येत नाही, एवढंच. मी एवढी जीव तोडून बोलले. आता तुला विचारते, तू तिथे नेमकं केलंस काय? एवढी वर्षं तिथे काढलीस. एक शब्द टाकता आला नाही?"

कारण धाकटीच्या ओठावर आलं होतं. तुझ्यामुळे, ताई. तू नाव काढलंस म्हणून. एवढंच म्हणायचं होतं. ताईने ते ऐकलं असतं तर तिने जन्मभर भाऊजींच्या पलंगाशी बसून स्वतःला बोल लावला असता. रोज, त्या खिडकीसमोर.

"नाही आला टाकता," धाकटी म्हणाली.

"आपल्या माणसासाठी नाही?"

"नाही."

ताईने पत्राची घडी घातली आणि ती स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. भाऊजी जागे होते. त्यांनी धाकटीकडे पाहिलं आणि घशातून आवाज काढला. त्याचा अर्थ तिला लागला नाही. तो सांगणारी आत भांडी घासत होती.

त्यानंतर ताईने बोलणं टाकलं नाही. ते तिच्या स्वभावात नव्हतं. पण ती धाकटीशी पाहुण्यांशी बोलतात तसं बोलू लागली. चहा घेणार का, बसला गर्दी होती का, पाऊस दिसतोय, छत्री आहे ना. धाकटी दर रविवारी जात राहिली. खालच्या मजल्यावर ती आता काउंटरमागे बसून नव्या घरांचे मीटर मंजूर करायची. तिथे रेघा नव्हत्या. लंबू कधीमधी जिन्यात भेटायचा, वाकायचा, आणि वर जायचा.

मग झाडं तोडली गेली. ताईने त्या दिवशी खिडकीला चादर लावली होती, पण करवतीचा आवाज चादरीने थांबतो थोडाच. वाटेवर कुंपण पडलं. शाळेची पोरं लांबच्या रस्त्याने जाऊ लागली. पोस्टमन पुढच्या दाराने पत्र सरकवून जाऊ लागला. खड्डे झाले, त्यांत काँक्रीट ओतलं, ते वाळेपर्यंत खिडकीबाहेर नुसते चार ठोकळे उभे होते. भाऊजी दिवसभर त्या ठोकळ्यांकडे बघायचे. जेवण कमी झालं. धाकटी आली की ताई काही न बोलता अर्धं उरलेलं ताट तिच्यासमोरून नेऊन ठेवायची. ते पुरेसं असायचं.

आणि मग टॉवर उभारणारी टोळी आली.

पुढच्या रविवारी धाकटी आली तेव्हा ताई दारातच भेटली. चेहऱ्यावर राग की काय ते कळेना. "जा, बघ आत," ती म्हणाली. "शत्रूच्या लग्नात नाचायला निघाल्यासारखे खुशीत आहेत."

भाऊजींना उशा लावून उठवून बसवलं होतं. टोळीतला एक माणूस, लाल टोपीवाला, टॉवरच्या अर्ध्या उंचीवर लोखंडाच्या पट्टीवर पाय टाकून बसला होता आणि खालून दोराने वर येणारा तुकडा जागेवर बसवत होता. भाऊजींची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. तो एका पट्टीवरून दुसरीवर गेला तसं त्यांचं डावं पाऊल चादरीखाली हललं. त्याने पाना उलटा धरला तर ते घशातून रागावले. नीट बसवला तर डावी मूठ पलंगावर आपटली. लाल टोपीवाल्याला एव्हाना हा प्रेक्षक ठाऊक झाला होता. त्याने वरून हात केला आणि ओरडला, "काय उस्ताद, बरोबर आहे का?"

भाऊजी हसले. एका बाजूनेच, पण तोंड भरून.

ते काम चाललं तोवर ते जेवले, दाढी करू दिली, सकाळी लवकर उठवा म्हणून खुणा केल्या. ताईला ते सहन होत नव्हतं आणि न होऊन सांगणार कुणाला! ज्याने तिचं परसू खाल्लं त्याच्याकडे नवरा लेकराच्या कौतुकाने बघत होता. ती खोलीत येताना खिडकीकडे पाठ करून यायची. धाकटीला मात्र तिथे बसवत नसे आणि तिथून उठवतही नसे. ती नकाशावर टॉवर म्हणजे एक लहानशी फुली काढायची. इतक्या वर्षांत एकही टॉवर तिने असा जवळून, तुकड्या तुकड्याने उभा राहताना बघितला नव्हता.

तारा ओढल्या गेल्या. लाल टोपीवाल्याने शेवटच्या दिवशी खिडकीशी येऊन गजांतून हात आत घातला आणि भाऊजींचा डावा हात धरून हलवला. मग टोळी ट्रकमध्ये बसून निघून गेली. कुंपणाला कुलूप लागलं.

भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जागे झाले आणि वर बघत बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कुणी नव्हतं. टॉवर होता, तारा होत्या, आणि हवा दमट असली की वरून बारीक करकर ऐकू यायची. वाटेवर कुणी यायचं नाही, कारण वाटच नव्हती. ताईने शेजाऱ्याला बोलावून पलंग पुढच्या खोलीत, रस्त्याच्या खिडकीशी न्यायचं ठरवलं. पलंग उचलला तशी भाऊजींनी डाव्या हाताने खिडकीचा गज धरला. सोडेनात. शेजारी ओशाळला. पलंग पुन्हा खाली ठेवला.

रविवारी धाकटी त्यांच्याजवळ बसली. भाऊजींनी बोट वर केलं, टॉवरच्या टोकाकडे, आणि आवाज काढला. शेवटी तो वर चढत गेला. प्रश्न होता. हा मात्र तिला समजला.

तिला उत्तरही माहीत होतं. लाइन एकदा चालू झाली की टॉवरवर कुणी चढत नाही. माणसं खालून फिरतात, दुर्बिणीने बघतात, टिपून घेतात आणि जातात. काही तुटलं-फुटलं तरच कुणी वर जाणार, आणि हा टॉवर चांगला बांधलेला होता. पुढची कित्येक वर्षं काही तुटणार नव्हतं.

"येतील," ती म्हणाली.

ताई दारात उभी होती. हातात कोमट पाण्याचं भांडं, खांद्यावर टॉवेल. तिने ते ऐकलं होतं. "खरंच येतात का गं?" तिने विचारलं. त्यात पाहुण्यांचा आवाज नव्हता.

धाकटीने वर पाहिलं. ताईचे डोळे सुजलेले होते, केसांची बट कपाळावर चिकटली होती. साहेबांपुढे उभं राहून जसं खरं पटकन सांगता आलं होतं, तसं तिला आता सांगता येईना.

"येतात," ती म्हणाली. "अधूनमधून."

ताईला ते खरं वाटलं की नाही, कुणास ठाऊक. मग तिने भांडं स्टुलावर ठेवलं, टॉवेल भिजवून पिळला आणि भाऊजींच्या अंगावरची चादर खाली केली. कमरेपाशी कातडी लाल झाली होती. एकाच कुशीवर फार वेळ झोपल्याने होते तशी.

"एकटीला हे आता वळवता येत नाहीत," ताई म्हणाली. "तू पायांकडून धर. सावकाश. माझ्याबरोबर."

धाकटीने पाय धरले.